वाक्यातील कर्ता आणि करता-करविता

इंग्रजी व्याकरणाचा पहिला धडा वाक्याच्या घटकांचा असतो. लातूरच्या शिकवणीच्या वर्गात असो की नांदेड जिल्ह्यातील एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असो, शिक्षक फळ्यावर वाक्य लिहितात, त्यातील क्रियापदाखाली रेघ ओढतात, त्या क्रियापदाला 'कोण?' असा प्रश्न विचारावयास सांगतात, येईल त्या उत्तरास उद्देश्य म्हणतात आणि उरलेल्या भागास विधेय. आणि ही रीत एकदा अंगवळणी पडली म्हणजे मुले कितीही लांबलचक वाक्याचे पृथक्करण बिनचूक करू लागतात. परीक्षेपुरते एवढे पुरे होते. परंतु बालपणी रीत म्हणून शिकलेली गोष्ट पुष्कळदा पुढे आपल्या विचाराची चौकट होऊन बसते, आणि प्रत्येक क्रियेला कोणीतरी कर्ता असलाच पाहिजे हे या धड्यातले गृहीतक तर असे आहे की, त्याची तपासणी करू लागताच मनुष्य व्याकरणाची हद्द ओलांडून धर्मविचाराच्या मुलखात शिरतो. जगात जे घडते ते कोण करतो? मी करतो, ईश्वर करतो, की ते केवळ घडते? या प्रश्नाचा विचार वाक्याच्या घटकांच्या आधाराने करावा असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे; कारण व्याकरणाने कर्त्यास दिलेली जागा नीट समजून घेतली तर कर्तेपणाविषयीचा आपला बराचसा धार्मिक गोंधळ दूर होतो, अशी माझी खात्री आहे.

इंग्रजी वाक्याचे घटक सामान्यतः पाच सांगितले जातात: उद्देश्य, क्रियापद, कर्म, पूरक आणि स्थल, काल, रीती दाखवणारा क्रियाविशेषणात्मक भाग. यांपैकी कर्म, पूरक आणि क्रियाविशेषण यांच्यावाचून वाक्य उभे राहू शकते. पाखरे उडतात एवढेच सांगणाऱ्या दोन शब्दांच्या इंग्रजी वाक्यात त्यांपैकी काहीही नसते. उद्देश्यावाचून मात्र त्या भाषेचे चालत नाही. आज्ञार्थी वाक्यात ते उच्चारले जात नाही, तरी तेथे 'तू' किंवा 'तुम्ही' अध्याहृत आहे असे मानावे लागते. आणि जेथे शोधूनही कर्ता सापडत नाही तेथे रिकाम्या जागेवर 'इट' हे सर्वनाम आणून बसवले जाते. 'इट रेन्स' या वाक्यातील 'इट' म्हणजे कोण, याचे उत्तर कोणत्याही इंग्रजास देता येणार नाही, कारण वाक्याची घडण पुरी करण्यापलीकडे त्या शब्दास काही कामच नाही. नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाने १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात याच खोडीवर बोट ठेवले होते. वीज चमकते असे आपण म्हणतो, वस्तुतः चमकणे हीच वीज असते, चमकण्यावाचून वेगळी अशी वीज कोठेही बसलेली नसते. तरीही भाषेच्या सवयीने आपण एका घटनेची दोन शकले करतो आणि त्यांतील एकास कर्त्याचे आसन देतो, असा त्याचा आक्षेप होता.

मराठीची प्रकृती या बाबतीत निराळी आहे. 'उजाडले', 'सांजावले', 'गडगडते' ही आपल्याकडे एकेका शब्दाची पूर्ण वाक्ये होत, आणि त्यांना 'कोण?' असा प्रश्न विचारणारा मनुष्य आपल्याला चमत्कारिक वाटेल. कर्ता उपस्थित असला तरी क्रियापद त्याच्याच ताब्यात राहील असेही नाही. 'शेतकरी विहीर खणतो' या वाक्यात क्रियापद शेतकऱ्याच्या मागे चालते. 'शेतकऱ्याने विहीर खणली' या वाक्यात ते विहिरीच्या मागे जाते. आणि 'शिपायाने चोरास पकडले' या वाक्यात ते शिपायाचेही ऐकत नाही आणि चोराचेही ऐकत नाही, तटस्थपणे नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते. कर्तरी, कर्मणी आणि भावे या तीन प्रयोगांची चिकित्सा मोरो केशव दामले यांनी १९११ च्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त विस्ताराने केली. त्यांच्या पूर्वी, १८३६ साली, इंग्रजी व्याकरणाच्या परिचयातून मराठीचे व्याकरण रचणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे परमहंस सभेच्या संस्थापकांपैकी एक होते आणि धर्मविषयक ग्रंथांचेही कर्ते होते. वाक्यात कर्ता कोण आणि विश्वाचा कर्ता कोण हे दोन्ही प्रश्न एकाच पुरुषाने आयुष्यभर बाळगावे, यात मला काही विसंगत दिसत नाही.

मराठवाड्याला या विषयाची आणखी एक बाजू ठाऊक आहे, आणि ती निजामी अंमलातून आलेली आहे. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाने सुरू झाले, आणि १९४८ च्या सप्टेंबरात हा मुलूख मुक्त होईपर्यंत इकडच्या मराठी मुलांचे वरचे शिक्षण बहुतांशी उर्दूतून झाले. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि परीक्षेला इंग्रजी अशा तिहेरी ओढाताणीत वाढलेल्या त्या पिढीने वाक्याचे घटक फाइल, फेल आणि मफऊल या नावांनी, म्हणजे कर्ता, क्रिया आणि कर्म या क्रमाने, पाठ केले. अरबी परंपरेतून आलेल्या त्या व्याकरणाची परिभाषा विलक्षण नेमकी आहे. ज्या क्रियेचा कर्ता सांगितलेला असतो तिला ते मारूफ, म्हणजे ज्ञात, म्हणतात. ज्या क्रियेचा कर्ता सांगितलेला नसतो तिला मजहूल, म्हणजे अज्ञात. आणि अशा अज्ञातकर्तृक वाक्यात जे कर्म कर्त्याच्या जागी येऊन बसते त्यास नायब फाइल अशी संज्ञा आहे. तहसीलदाराच्या गैरहजेरीत नायब तहसीलदाराने दफ्तर सांभाळावे तसे हे कर्म कर्त्याची जागा सांभाळते, पण मूळचा अधिकारी कोण होता याची नोंद त्या दफ्तरात उरत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याशी आपल्याला गाठ घालावयाची आहे.

परंतु नांदेडचा व्याकरणाशी संबंध निजामाच्याही फार पूर्वीचा आहे. काशीमध्ये व्याकरणविद्येचे आचार्यपद भूषविणारे शेष घराणे गोदातीरावरून तिकडे गेलेले. नांदेडच्या शेषांची कीर्ती संस्कृत पांडित्यात आणि मराठी काव्यात दोन्हीकडे पसरलेली. 'सिद्धान्तकौमुदी'कार भट्टोजी दीक्षित हे काशीच्या शेषकृष्णांचे शिष्य होत. या पंडितांच्या वर्तुळात ज्या वादाचा कीस पडला तो आज शाळेतल्या इंग्रजी व्याकरणाच्या तासाला सांगितला तरी मुलांना कळेल असा आहे: वाक्य ऐकल्यावर जो अर्थबोध होतो त्यात मुख्य कोण? नैयायिक म्हणाले, प्रथमान्त पदाने सांगितलेला कर्ता मुख्य, बाकी सर्व त्याची विशेषणे. वैयाकरण म्हणाले, धातूने सांगितलेला व्यापार मुख्य, कर्ता हा त्या व्यापाराचा केवळ आश्रय. मीमांसक म्हणाले, क्रियापदाच्या प्रत्ययातून व्यक्त होणारी भावना, म्हणजे काही घडवून आणण्याची प्रेरणा, हीच मुख्य. एकाच वाक्याकडे पाहून एकास मनुष्य दिसतो, दुसऱ्यास क्रिया दिसते, तिसऱ्यास प्रेरणा दिसते. आणि तिघांनीही आपापल्या पक्षासाठी शतकानुशतके ग्रंथ लिहिले, याचे कारण हा वाद त्यांच्या लेखी शब्दांचा नव्हता, मनुष्य हा आपल्या कृतीचा स्वामी आहे की आश्रय आहे याचा होता.

पाणिनीने कर्त्याचे लक्षण एकाच शब्दात सांगितले आहे: क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता. पुढच्या वैयाकरणांनी त्यास एक महत्त्वाची पुस्ती जोडली. स्वतंत्र कोण हे बोलणाऱ्याच्या विवक्षेवर अवलंबून असते, असे ते म्हणाले. गडी विळ्याने ज्वारी कापतो, हे सरळ वाक्य. येथे गडी कर्ता आणि विळा करण. पण धार लावून आणलेल्या विळ्याविषयी तोच गडी 'हा विळा चांगला कापतो' असे म्हणतो तेव्हा करणास कर्त्याचे आसन मिळते. आणि कणसे वाळलेली असली म्हणजे 'ज्वारी भराभर कापली जाते' असे म्हणून तो स्वतःलाही बाजूस सारतो आणि विळ्यालाही. शेत तेच, विळा तोच, दुपारचे ऊनही तेच. कर्ता मात्र तीन वाक्यांत तीन ठिकाणी. याचा अर्थ असा की, वाक्यात कर्त्याच्या जागी कोणास बसवावयाचे याची निवड बोलणारा करतो. आणि जेथे निवड आहे तेथे जबाबदारी आहे. व्याकरणाचे नीतिशास्त्र येथून सुरू होते.

आता धर्माकडे वळू. नांदेडला सचखंड श्री हजूर साहिब हा शिखांचा गुरुद्वारा आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी येथे देह ठेवला आणि त्यापूर्वी गुरुपदाची परंपरा ग्रंथसाहिबाच्या ठायी स्थिर केली. त्या ग्रंथाच्या आरंभी जो मूलमंत्र आहे त्यात परमेश्वरास 'करता पुरख' म्हटले आहे. आणि ज्या नरसीच्या नामदेवांची पदे त्या ग्रंथात समाविष्ट आहेत ती नरसी येथून फार लांब नाही. शीख परंपरेतील हुकूम आणि हजूर हे शब्द दरबारी फारसीतले, सरकारी कागदावर शोभणारे. परंतु नानकांच्या विचारात हुकूम म्हणजे विश्वाला चालवणारी ईश्वरी आज्ञा, आणि तिच्या उलट उभी असते ती 'हौमै', म्हणजे सर्व काही मी करतो ही भावना. जेथे पहिली ओळखली जाते तेथे दुसरी शिल्लक राहत नाही. आपल्याकडे हीच श्रद्धा 'करता-करविता तोच' या शब्दांत घरोघर बोलली जाते. गीतेने तिसऱ्या अध्यायात, कर्मे प्रकृतीच्या गुणांनी होत असताना अहंकाराने भुललेला मनुष्य स्वतःस कर्ता समजतो, असे सांगितले आहे, आणि नांदेडच्या वामनपंडितांनी 'यथार्थदीपिका' ही आपली ओवीबद्ध टीका त्याच गीतेवर लिहिली. बौद्ध विचार तर याहून पुढे जातो. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाचे चाक, आस, जू असे एकेक अवयव निराळे काढून 'रथ' नावाची वेगळी वस्तू कोठे आहे असा प्रश्न येतो, आणि जे रथाचे तेच मनुष्याचे असे उत्तर मिळते. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली मराठवाड्यात स्थापन केलेल्या महाविद्यालयास पुढे याच मिलिंदाचे नाव मिळाले. परंतु लक्षात घेण्याजोगे हे की, कायम टिकणारा 'मी' नाकारणाऱ्या त्याच बौद्ध विचाराने कर्म आणि त्याचे फळ मात्र तसूभरही सोडले नाही.

अडचण येथेच उत्पन्न होते. कर्तेपणाचा अहंकार सोडा, ही शिकवण खरी असली तरी ती सोईस्करही फार आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असता, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीस भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे गेली. 'भूकंप झाला' हे वाक्य अकर्तृकच योग्य होय. तेथे कर्ता शोधणे म्हणजे 'इट'च्या रिकाम्या जागेत देवास नेऊन बसवणे होय, आणि ज्यांनी त्या काळी गावाच्या पापांचा हिशेब मांडला त्यांनी दुःखितांच्या दुःखात अन्यायाची भर घातली. परंतु 'घरे पडली आणि माणसे दबली' हे दुसरे वाक्य इतके सरळ नाही. जाड दगडी भिंती, त्यांत चुन्याऐवजी माती, दगडांना एकमेकांशी बांधणारा सांधा नाही, आणि वर माळवदाचा मातीचा अजस्र भार, अशी ती घरे होती. उन्हापासून बचाव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली. भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवला गेला होता, त्यामुळे भिंती निराळ्या बांधा असे त्या शेतकऱ्यांना सांगणारे कोणी नव्हते. मेलेल्यांवर दोष ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण 'दैवाने नेले' एवढे म्हणून जो थांबतो त्याची पुढची भिंतही मातीतच उभी राहते. पुनर्वसनाच्या गावांत जेव्हा भिंतींना आडवे पट्टे आणि कोपऱ्यांना सांधे देण्यात आले तेव्हा, या वाक्याचे आपण अंशतः कर्ते आहोत, हे माणसांनी कृतीने मान्य केले.

दुसरे उदाहरण याहून कठीण आहे, कारण तेथे निसर्ग नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि त्यानंतरच्या दिवसांत या भागातील खेड्यांत, नांदेड जिल्ह्यात तर विशेषच, दलितांच्या घरांना आगी लावण्यात आल्या. त्या दिवसांविषयी दोन प्रकारे बोलता येते. 'घरे जळाली' असे म्हणता येते आणि 'घरे जाळली' असेही म्हणता येते. मराठी धातूंची ही जोडी कानाला इतकी जवळची आहे की घाईत ऐकणाऱ्यास फरक कळू नये. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, बुडणे-बुडवणे अशा जोड्यांनी आपली भाषा भरलेली आहे. पण पहिल्या वाक्यास 'कोण?' हा प्रश्न विचारला तर उत्तर येते 'घरे'; म्हणजे ज्यांचे सर्वस्व गेले त्यांचीच चीजवस्त कर्त्याच्या जागी बसते. दुसऱ्या वाक्यास तोच प्रश्न विचारला तर उत्तर माणसांपाशी जाऊन थांबते. 'घरे जाळली गेली' या तिसऱ्या रूपात अपराध कबूल होतो पण अपराधी मजहूल राहतो, आणि नायबाच्या सहीने प्रकरण मिटते. सरकारी कागदांतील 'दुर्लक्ष झाले', 'विलंब घडला', 'कार्यवाही करण्यात येईल' ही वाक्येही याच जातीची. कर्तृत्वाचा त्याग हे संतांचे साध्य होते. येथे तो अपराध्याचा आडोसा होतो, आणि शब्द दोन्हीकडे तेच असतात.

मग संतांची शिकवण आणि न्यायाची मागणी यांचा मेळ कसा घालावा? काहींचे म्हणणे असे की परमार्थात ईश्वर कर्ता आणि व्यवहारात मनुष्य कर्ता असे दोन हिशेब निराळे ठेवावेत. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही; कारण एकाच आयुष्याचे दोन जमाखर्च ठेवणारा मनुष्य जी रक्कम एकात बोचते ती दुसऱ्यात लिहून मोकळा होतो. खरे उत्तर धर्मग्रंथांत आणि व्याकरणात एकाच ठिकाणी सापडते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. त्यानंतर जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी अपक्व होय, असा अभिप्राय येतो. येथे दोष 'केवळ' मानण्यात आहे. पाचांच्या यादीतून कर्त्याचे नाव खोडलेले नाही. ते दुसऱ्या क्रमांकावर स्वच्छ लिहिलेले आहे. दैव पाचवे आहे, आणि तेही एकटे नाही. जो सर्व श्रेय स्वतः घेतो तो उरलेल्या चौघांना विसरतो; जो सर्व भार दैवावर टाकतो तोही चौघांना विसरतो, आणि त्यांत तो स्वतः असतो.

'करता-करविता' या शब्दजोडीचा न्यायही व्याकरणच लावते. प्रयोजक क्रियापदाच्या वाक्यात दोन कर्ते असतात: करविणारा प्रयोजक आणि करणारा प्रयोज्य. गुरुजी मुलाकडून धडा वाचून घेतात तेव्हा प्रेरणा गुरुजींची असते, परंतु वाचतो मुलगाच; जीभ त्याची वळते, चुकला तर उच्चार त्याचा चुकतो, आणि जे ज्ञान होते तेही त्यालाच होते. करविणाऱ्याच्या थोरवीने करणाऱ्याचे कर्तेपण बुडत नाही. पाणिनीने प्रयोजकास हेतू ही अधिकची संज्ञा दिली, पण त्यामुळे प्रयोज्याचा कर्ता म्हणून असलेला दाखला रद्द झाला नाही. म्हणून ईश्वर करविता आहे असे मनापासून मानणाऱ्यासही आपल्या हातून घडलेल्या कृत्याची कबुली द्यावीच लागते. हजूर साहिबच्या लंगरात पोळ्या लाटणारे, भांडी घासणारे, यात्रेकरूंचे जोडे सांभाळणारे सेवेकरी हीच गोष्ट कृतीने सांगतात: कर्ता पुरुष एकच आहे यावर त्यांची अढळ निष्ठा असते, आणि म्हणून त्यांतला कोणीही हात जोडून बसून राहत नाही.

वाक्याचे घटक शिकवताना इंग्रजी व्याकरण उद्देश्यास जी अनिवार्यता देते तिच्यात म्हणून एक नैतिक लाभ आहे, आणि मराठी भाषा कर्त्यास मागे सारण्याच्या ज्या वाटा ठेवते त्यांत एक आध्यात्मिक लाभ आहे. दोहोंपैकी एकाच्याही वाचून मनुष्याचे बोलणे पुरे होत नाही. ज्या पिकाला पाऊस, जमीन, बैल, बायको आणि पूर्वजांनी खणलेली विहीर या सर्वांनी हात लावला आहे, त्याच्याविषयी 'यंदा चांगले पिकले' असे म्हणणारा शेतकरी सत्यच बोलतो, कारण त्या अकर्तृक वाक्यात सर्वांना जागा आहे. परंतु ज्या शब्दाने दुसऱ्याचे मन मोडले, ज्या हाताने काडी ओढली, ज्या सहीने कुणाचा हक्क बुडाला, त्याच्याविषयी बोलताना वाक्य कर्तरी असावे आणि कर्ता प्रथमपुरुषी असावा, मग ऐकणारा न्यायाधीश असो, गाव असो की देव असो. ईश्वरापुढे 'तू करविलेस' असे म्हणण्याचा अधिकार 'मी केले' असे आधी म्हणणाऱ्यासच पोहोचतो. आणि हा क्रम ज्यास साधला त्याच्या ठायी भक्ती आणि न्याय यांच्यात तंटा उरत नाही.